दिलेली अक्षरे असलेले इंग्रजी शब्द नेमके कसे शोधावेत?

वाचनवर्ग (प्रश्न)

नमस्कार. इंग्रजी वाचन नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी सरावपत्रिका तयार करते. या कामात मला दोन प्रकारच्या शब्दांची सतत गरज पडते. त्या आठवड्यात शिकवलेली सगळी अक्षरे ज्यांत कुठे ना कुठे आली आहेत, असे शब्द एकीकडे हवे असतात; तर दुसरीकडे, आतापर्यंत शिकवून झालेल्या अक्षरांपलीकडचे एकही अक्षर ज्यांत नाही, असे शब्द हवे असतात. ध्वनींवर आधारलेल्या वाचनपद्धतीत एस, ए, टी, पी, आय आणि एन ही सहा अक्षरे बहुधा सर्वांत आधी घेतली जातात. त्यांच्यापुरते ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘स्नॅप’ असे शब्द सहज आठवतात, पण अक्षरे वाढत गेली की आठवणीवर विसंबून काम भागत नाही.

अक्षरे दिल्यावर शब्द शोधून देणारी काही संकेतस्थळे मी वापरून पाहिली. आर, ए, टी, ई ही चार अक्षरे एका ठिकाणी दिली की शब्दांचा न संपणारा ओघ सुरू होतो, दुसऱ्या ठिकाणी तीच अक्षरे दिली की मोजकेच शब्द येतात, आणि तिसऱ्या ठिकाणी जे शब्द येतात त्यांतले अनेक मी कधीही वाचलेले नसतात. एकाच प्रश्नाची उत्तरे इतकी वेगळी का येतात? आणि हे काम मला स्वतःला खात्रीने करता येईल, अशी एखादी पद्धत आहे का? मला प्रोग्रामिंग येत नाही, पण स्प्रेडशीट चांगले वापरता येते.

शब्दपारखी (प्रतिसाद)

उत्तरे वेगळी येतात, कारण ‘ही अक्षरे असलेले शब्द’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान पाच निरनिराळे प्रश्न दडलेले असतात आणि प्रत्येक संकेतस्थळ त्यांतला एक प्रश्न गृहीत धरून त्याचेच उत्तर देते. तुम्ही दिलेली आर, ए, टी, ई हीच चार अक्षरे घेऊन पाहू.

सर्वांत सैल अट अशी, की चारही अक्षरे शब्दात कुठेही, कोणत्याही क्रमाने यावीत आणि सोबत इतर अक्षरे असली तरी चालावीत. या अटीत ‘वॉटर’, ‘हार्ट’, ‘अर्थ’, ‘डॉटर’, ‘वेदर’ असे असंख्य शब्द बसतात. न संपणारा ओघ येतो तो येथून. थोडी कडक अट अशी, की अक्षरे दिलेल्या क्रमाने यावीत, मात्र मध्ये दुसरी अक्षरे आली तरी हरकत नाही. आता ‘वॉटर’ गळतो, कारण त्यात आर सर्वांत शेवटी आहे. पण ‘क्रिएट’, ‘प्रॅक्टिस’ आणि ‘ट्रान्सलेट’ टिकतात. त्याहून कडक अट म्हणजे चारही अक्षरे सलग हवीत. मग ‘सेपरेट’, ‘पायरेट’, ‘ग्रेटफुल’ आणि, चटकन लक्षात येत नाही तरी, ‘स्ट्रॅटेजी’ हे शब्द उरतात. ‘स्ट्रॅटेजी’चे स्पेलिंग लिहून पाहा, तिसऱ्या अक्षरापासून सहाव्या अक्षरापर्यंत आर, ए, टी, ई ओळीने उभे आहेत.

उरलेले प्रश्न नेमक्या उलट दिशेने जातात. तेथे दिलेली अक्षरे ही शब्दाची मर्यादा असते. प्रत्येक अक्षर एकदाच आणि सगळीच्या सगळी वापरायची असतील, तर ‘रेट’, अश्रू या अर्थाचा ‘टिअर’ आणि ‘टेअर’ एवढेच नेहमीचे शब्द मिळतात. सगळी वापरण्याचे बंधन काढले की ‘ईट’, ‘टी’, ‘आर्ट’, ‘रॅट’, ‘इअर’, ‘एरा’ हेही येतात. आणि एखादे अक्षर पुन्हा वापरण्याची मुभा दिली, तर ‘ट्री’, ‘रेअर’, ‘ट्रीट’, ‘रिट्रीट’ असे शब्द दाखल होतात. सात अक्षरांचा ‘रिट्रीट’ केवळ चार निरनिराळ्या अक्षरांवर उभा आहे, हे मला आजही विलक्षण वाटते.

तुमच्या पहिल्या गरजेला सर्वांत सैल अट लागू आहे आणि दुसऱ्या गरजेला शेवटची, म्हणजे पुनरावृत्तीसह मर्यादेची. या दोन्ही गरजा एकाच खिडकीत भागवू पाहिल्या की गोंधळ ठरलेलाच आहे. म्हणून कोणतेही संकेतस्थळ नव्याने वापरण्यापूर्वी हीच चार अक्षरे देऊन पाहावे. उत्तरात ‘वॉटर’ आला तर ते एक काम करते, ‘रिट्रीट’ आला आणि ‘वॉटर’ आला नाही तर दुसरे करते, आणि दोन्ही आले नाहीत तर तिसरेच काही करते.

पुनरावृत्तीचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगायला हवा. दोन टी आणि दोन ई असलेले शब्द हवेत, असे म्हटले तर ‘लेटर’, ‘सेटल’ आणि ‘स्ट्रीट’ बसतात, पण ‘ट्री’ बसत नाही, कारण त्यात टी एकच आहे. टी दोनदा टाइप केला तरी पुष्कळ साधने तो एकदाच धरतात. साधन अक्षरांची केवळ उपस्थिती पाहते की त्यांची संख्याही मोजते, हे तपासल्याशिवाय त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट तुमच्या वर्गासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपलीकडे न जाणारे शब्द काटेकोरपणे गाळून काढले, तर ‘पेंट’, ‘सेंट’, ‘स्टेन’, ‘पियानिस्ट’ आणि चक्क ‘असिस्टंट’ हेही त्यात येतात. अक्षरांच्या हिशेबाने ते सगळे निर्दोष आहेत. पण ‘पेंट’मध्ये ए आणि आय मिळून एकच ध्वनी तयार होतो, आणि ज्याला ही जोडी अजून शिकवलेली नाही त्याला तो शब्द वाचता येणार नाही. ‘इज’ आणि ‘अ‍ॅज’ हे इतके छोटे शब्द, पण त्यांतला एसही शिकवलेल्या ध्वनीप्रमाणे वागत नाही. अक्षरांची गाळणी ध्वनी ओळखत नाही. त्यामुळे मिळालेल्या यादीतून ए-आय, ई-ए, एस-एच, टी-एच अशा न शिकवलेल्या जोड्या असलेले शब्द वेगळे काढण्याची एक जादा पायरी तुम्हाला ठेवावीच लागेल.

गाळणी (प्रतिसाद)

शब्दपारखी यांनी प्रश्नाची फोड नेमकी केली आहे. मी ती स्प्रेडशीटमध्ये कशी उतरवावी एवढे सांगतो. त्यासाठी आधी एका स्तंभात प्रत्येक ओळीत एक शब्द अशी शब्दयादी घ्यावी आणि ती सगळी लहान लिपीत करून घ्यावी.

पहिल्या गरजेसाठी ‘सर्च’ हे फंक्शन पुरेसे आहे. ते अक्षर सापडले तर त्याचे स्थान अंकात देते आणि सापडले नाही तर त्रुटी दाखवते. हवी असलेली सगळी अक्षरे महिरपी कंसातल्या संचाच्या रूपात त्याला एकदमच द्यावीत आणि भोवती ‘काउंट’ लावावे, म्हणजे किती अक्षरे सापडली ते कळते. चार अक्षरांपैकी चार सापडली की शब्द पात्र. दुसऱ्या गरजेसाठी ‘सब्स्टिट्यूट’ वापरावे. शब्दातून परवानगी असलेले प्रत्येक अक्षर, त्याच्या जागी काहीच न ठेवता, एकेक करून काढत जायचे आणि शेवटी उरलेल्या मजकुराची लांबी मोजायची. लांबी शून्य आली तर त्या शब्दात परके अक्षर नाही. एखादे अक्षर किती वेळा आले हेही याच मार्गाने कळते: मूळ लांबीतून ते अक्षर काढल्यानंतरची लांबी वजा करावी. ‘सब्स्टिट्यूट’ मोठ्या आणि लहान लिपीत भेद करते, ‘सर्च’ करत नाही. यादी आधीच लहान लिपीत करण्याचे कारण हेच आहे.

ज्यांना आज्ञा टाइप करण्याची सवय आहे त्यांना ‘ग्रेप’ हे, मजकुरातून हव्या त्या ओळी शोधून देणारे साधन सर्वांत सोपे पडेल. केन थॉम्पसन यांनी ते १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिले आणि आजही ते रोजच्या वापरात आहे. ए असलेल्या ओळी निवडा, त्या निकालातून ई असलेल्या निवडा, त्यातून टी असलेल्या निवडा, अशी साखळी लावत गेले की काम झाले. क्रमाची अट हवी असेल, तर अक्षरांच्या मधोमध ‘काहीही चालेल’ अशा अर्थाचे टिंब आणि तारांकन लिहून एकाच आज्ञेत तीही मागता येते.

सगळी अक्षरे नेमकी एकदाच वापरायची असतील, तर एक फार सुंदर युक्ती आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याची एक किल्ली तयार करावी. ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’, ‘टिन्सेल’ आणि ‘इनलेट्स’ या पाचही शब्दांची किल्ली ई, आय, एल, एन, एस, टी हीच येते. यादी या किल्लीप्रमाणे लावली की सारे सगोत्र शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. सात वेगवेगळी अक्षरे ५,०४० प्रकारे मांडता येतात, परंतु किल्ली एकच असते, त्यामुळे मांडण्या तपासण्याचा प्रश्नच उरत नाही. सातांपैकी काही अक्षरे वापरून होणारे शब्द हवे असले तरी दोन किंवा अधिक अक्षरांचे एकूण १२० च गट पडतात. म्हणजे १२० किल्ल्या पाहिल्या की शोध पूर्ण.

थोडे विषयाच्या कडेने जाणारे, पण मला मनापासून आवडणारे एक तंत्र येथे नोंदवतो. ए म्हणजे २, बी म्हणजे ३, सी म्हणजे ५ अशा रीतीने सव्वीस अक्षरांना ओळीने मूळ संख्या द्याव्यात. झेडला १०१ मिळते. शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार ही त्या शब्दाची खूण. ‘कॅब’ची खूण ५ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे ३०. ‘बॅक’मध्ये यांखेरीज के आहे, त्याची संख्या ३१, म्हणून ‘बॅक’ची खूण ९३०. आता ९३० ला ३० ने निःशेष भाग जातो, याचा अर्थ ‘कॅब’ची सगळी अक्षरे ‘बॅक’मध्ये आहेत, आणि भागाकार ३१ येतो, तो जास्तीचे अक्षर के असल्याचे सांगतो. या खुणेत पुनरावृत्तीचाही हिशेब आपोआप राहतो. लांब शब्दांचे गुणाकार मात्र प्रचंड मोठे होतात आणि स्प्रेडशीट पंधरा अंकांपुढे अचूक राहत नाही, म्हणून ही रीत तेथे लहान शब्दांपुरतीच वापरावी.

यादी उतरवून घेण्याचा खटाटोप नको असेल, तर ‘वनलुक’ या कोशशोधाच्या संकेतस्थळावर प्रश्नचिन्ह एका अक्षरासाठी आणि तारांकन कितीही अक्षरांसाठी वापरता येते. स्वर आणि व्यंजन यांसाठीही तेथे वेगळी चिन्हे आहेत.

कोडेकर (प्रतिसाद)

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, तरीही साधनाकडे वळण्यापूर्वी कागदावर थोडा वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे, विशेषतः सराव तयार करणाऱ्यांनी. जो शब्द तयार करणाऱ्याला स्वतःला शोधून सापडतो, तो विद्यार्थ्यालाही सापडण्याची शक्यता असते; यंत्राने काढलेल्या शब्दांबद्दल असे म्हणता येत नाही.

हाताने शोधताना सर्वांत दुर्मिळ अक्षरापासून सुरुवात करावी. संचात क्यू, जे, एक्स किंवा झेड असेल, तर ते अक्षर असलेले शब्द मुळातच थोडे असतात आणि बाकीची अक्षरे त्या थोड्या शब्दांत पाहणे सोपे जाते. ई किंवा एस यांच्यापासून सुरुवात केली तर अर्धा कोश समोर उभा राहतो. त्यानंतर एकमेकांना चिकटून येणारी अक्षरे ओळखावीत. एच दिसला की तो सी, एस, टी, पी, जी किंवा डब्ल्यू यांच्या मागे बसतो का ते पाहावे. आय, एन, जी किंवा टी, आय, ओ, एन एकत्र दिसली तर ती शब्दाच्या शेवटी ठेवून उरलेल्या अक्षरांकडे पाहावे; आर आणि ई एकत्र असतील तर ती आरंभी ठेवून पाहावीत आणि उलटी करून शेवटीही ठेवून पाहावीत. अक्षरे एका ओळीत लिहिली की डोळा तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहतो, म्हणून ती वर्तुळात लिहिणे चांगले.

संचात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नसेल तर शोध सोडून देऊ नये, वायकडे पाहावे. ‘रिदम’, ‘मिथ’, ‘जिम’, ‘क्रिप्ट’, ‘लिंक्स’ हा प्राणी आणि ‘हिम’ हे स्तोत्र, हे सगळे शब्द केवळ वायच्या आधारावर उभे आहेत. उलट पाचही स्वर असलेले शब्द वाटतात तितके दुर्मिळ नाहीत: ‘एज्युकेशन’, ‘इक्वेशन’, ‘डायलॉग’चे ब्रिटिश स्पेलिंग, आणि अवघ्या सात अक्षरांचा ‘सिकोया’ वृक्ष. पाचही स्वर वर्णक्रमानेच आणि प्रत्येकी एकदाच असावेत अशी अट घातली, तर ‘फसीशस’ आणि ‘अ‍ॅबस्टीमियस’ हे दोन शब्द हमखास पुढे येतात, तर ‘सबकॉन्टिनेंटल’मध्ये ते बरोबर उलट्या क्रमाने येतात.

कोणते अक्षर किती वेळा येते याचे आडाखे वापरताना एक भेद लक्षात ठेवावा. सलग मजकुरात ई पाठोपाठ टी येतो, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘टू’ असे शब्द पावलोपावली असतात. शब्दयादीत मात्र प्रत्येक शब्द एकदाच मोजला जातो, त्यामुळे तेथे टी बराच खाली घसरतो आणि ए, आर, आय वर येतात. शब्द शोधणाऱ्याला दुसरा हिशेब उपयोगी, पहिला नव्हे. अल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवण्याचा खेळ रचताना वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून सोंगट्या ठरवल्या. त्यात ईच्या बारा सोंगट्या आहेत, पण एसच्या जाणीवपूर्वक चारच ठेवल्या आहेत, कारण अनेकवचनाचा एस मुबलक मिळाला तर खेळ फार सोपा होतो. सरावपत्रिकेतही हे ध्यानात ठेवावे: संचात एस दिला की अर्धी उत्तरे नुसती अनेकवचने होतात.

वाचनवर्ग

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘सब्स्टिट्यूट’ची रीत करून पाहिली आणि सहा अक्षरांच्या संचावर ती बरोबर चालली. पेंट आणि पिन यांतला भेद गाळणीला कळत नाही, हा मुद्दा तर माझ्या कामाच्या मुळाशीच आहे. न शिकवलेल्या जोड्यांसाठी मी आता वेगळा स्तंभ ठेवला आहे. आता अडचण शब्दयादीची आहे. संगणकावर आधीपासून असलेली एक यादी घेतली, तर तिच्यात अगदी साधी अनेकवचने नाहीत आणि अनोळखी शब्द मात्र ढिगाने आहेत. कोणती यादी घ्यावी?

शब्दपारखी (प्रतिसाद)

वर्णनावरून ती यादी वेब्स्टरच्या इंग्रजी कोशाच्या १९३४ मधील दुसऱ्या मोठ्या आवृत्तीतून घेतलेली असावी. युनिक्सच्या परंपरेतील अनेक संगणकांवर तीच असते आणि तिच्यात सुमारे २,३५,००० नोंदी आहेत. ती कोशाच्या मुख्य नोंदींची यादी असल्याने अनेकवचने आणि क्रियापदांची भूतकाळी रूपे तिच्यात सहसा नसतात. १९३४ नंतर रुळलेले शब्दही नसतात, आणि त्या वेळीच जुने झालेले शब्द मात्र भरपूर आढळतात.

खेळासाठी केलेल्या याद्यांत सगळी रूपे असतात. उत्तर अमेरिकेबाहेरच्या बहुतेक इंग्रजी स्क्रॅबल स्पर्धांत कॉलिन्सची यादी चालते, तिच्यात सुमारे २,८०,००० शब्द आहेत. उत्तर अमेरिकेची स्वतंत्र यादी तिच्याहून बरीच लहान आहे. ‘एनेबल’ नावाची, कोणालाही मुक्तपणे वापरता येणारी यादीही आहे. तिच्यात सुमारे १,७३,००० शब्द असून सगळी रूपे दिलेली आहेत, आणि तुमच्या कामाचा पाया म्हणून मी तीच सुचवेन. मात्र ती अमेरिकी वळणाची आहे. ‘कलर’मध्ये यू आहे की नाही, ‘सेंटर’च्या शेवटी आर आहे की ई, यावर अक्षरांच्या अटीचे उत्तर बदलते, तेव्हा वर्गात जे स्पेलिंग शिकवले जाते त्याच्याशी ताडून घेणे आवश्यक आहे.

अनोळखी शब्दांचा प्रश्न मात्र यादी बदलून सुटणार नाही. त्यासाठी दुसरी, छोटी यादी शेजारी ठेवावी आणि दोन्हींत असलेले शब्दच घ्यावेत. मायकेल वेस्ट यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली सुमारे २,००० मूळ शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्या जागी वापरता येईल अशी सुमारे २,८०० शब्दांची नवी यादी २०१३ मध्ये आली. या याद्यांत मूळ शब्दच असतात, म्हणून अनेकवचन आणि क्रियापदाची रूपे त्यांत जोडून घ्यावीत. स्प्रेडशीटमध्ये ‘काउंटइफ’ लावून मोठ्या यादीतला शब्द छोट्या यादीत आहे का, ते एका स्तंभात पाहता येते.

गाळणी (प्रतिसाद)

यादीबाबत एक सावधगिरी सांगायची राहिली. खेळांच्या आणि कोशांच्या याद्यांत शिव्या आणि अपमानकारक शब्दही असतात, आणि अक्षरांची अट त्यांना अडवत नाही. छोट्या यादीशी ताडून घेतल्यावर त्यांतले बहुतेक गळतात, तरी छापण्यापूर्वी प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. त्याच वाचनात ‘रीड’, ‘लीड’, ‘टिअर’ यांसारखे, एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असलेले शब्दही बाजूला काढता येतील. नवशिक्या वाचकाला ते वाक्याच्या आधाराशिवाय सुटे देणे योग्य होणार नाही.